विहीणबाईंचं फुकटातलं रोम

३० ऑक्टोबर, गुरुवार

ही डायरी लाविनियानं गेल्या नाताळात पोस्टानं पाठवली होती. तेव्हापासून कोरीच पडून होती. आज ती कोरी पानं बघून जीव हळहळला. फुकट आलेली वस्तू फुकट जाऊ देणं मला जमत नाही. शिवाय आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं आहे.

दुपारी लेकीचा फोन आला. लाविनिया, जावई मिर्को आणि ऑगस्टात जन्मलेली माझी नात फ्लोरेन्सला असतात. म्हणजे माझं रोम आणि मिर्कोच्या आईचं बेर्गामो यांच्या साधारण मध्यावर.

"बाबा, बाळाचा पहिला नाताळ आहे. आम्ही एकाच घरी जाणार. थंडीत तिला घेऊन इकडून तिकडे नाचणार नाही. सासूबाई शनिवारी रोमला येतायत, आठवडाभर. कुणाकडे जमायचं ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा. आणि भांडू नका."

मी कशाला भांडू? माझी बायको योलांदा गेल्यापासून पोरं दर नाताळाला बेर्गामोलाच जातात. मलाही बोलावतात. पण सणाच्या दिवसांत रेल्वेवाले तिकिटाचे जे पैसे मागतात ते ऐकूनच माझी भूक मरते. मी आपला घरी डब्यातलं मसुराचं सूप गरम करतो, टीव्ही लावतो आणि लवकर झोपतो. काही वाईट नसतं ते. पण यंदा नात आहे. यंदा ती मला इथे हवी आहे, या स्वयंपाकघरात. हे मी कुणाला बोललेलो नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

विहीणबाई येणार म्हणून सकाळी सुपरमार्केटात गेलो. ट्रॉलीला एक युरोचं नाणं अडकवलं की तिची साखळी सुटते, आणि ट्रॉली जागेवर लावली की नाणं परत मिळतं. माझं त्यासाठीचं नाणं ठरलेलं आहे. योलांदानं त्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला होता, कारण मी एकदा ते कॉफीवाल्याला देऊन बसलो होतो. "हे वापरायचं, खर्चायचं नाही," असं तिनं बजावलं होतं. ते कोटाच्या आतल्या खिशात असतं. त्याला मी पैसा धरत नाही.

दुपारी पिएरिनाबाई आल्या. बुटक्या, लालबुंद गालांच्या, पायात डोंगर चढायचे बूट. आमच्याच गल्लीतल्या नन्सच्या धर्मशाळेत उतरल्यात. सामान टाकून सरळ माझ्याकडे, हातात मक्याच्या पिठाची पिशवी आणि घमघमणारं चीज. स्वयंपाकघरात शिरल्या आणि भांड्यांच्या मांडणीकडे बघतच राहिल्या.

"अहो व्याहीबुवा, ताट एकच?"

"एका माणसाला किती लागतात?"

त्यांनी ते ताट उचललं, पुसलं आणि परत जागेवर ठेवलं. माझ्या काटकसरीची छाप पडली असावी.

मग नाताळाचा विषय निघाला.

"बेर्गामोला बर्फ पडतो," त्या म्हणाल्या. "नाताळ बर्फातच शोभतो."

"आमच्याकडे पोप आहे."

"तो काय तुमच्याकडे जेवायला येतो? मला बाई तुमचं रोम नको. इथे पाऊल टाकलं की तिकीट. उद्या श्वास घेतला तरी पावती फाडतील."

माझं डोकं तडकलं. या शहरातून मी जन्मभर ट्राम हाकली आहे. "विहीणबाई," मी म्हटलं, "पुढच्या सोमवारपर्यंत तुम्हाला अख्खं रोम दाखवतो. ते बघण्यासाठी एक सेंट मोडणार नाही. मीही नाही, तुम्हीही नाही."

"आणि मोडलात तर?"

"नाताळ बेर्गामोला."

"नाही मोडलात तर?"

"नाताळ इथे. या टेबलावर."

बाईंनी पिशवी सोडताना पिठानं भरलेला हात पुढे केला. मी तो हलवला. गवंड्यासारखी पकड आहे. जाताना दारातून म्हणाल्या, "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लाविनिया तुमच्याबद्दल सांगते ते खोटं नाही." लेकीला मी काय म्हणून वाढवलं देव जाणे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज मृतांचा दिवस. योलांदाकडे दफनभूमीत दरवर्षी मी एकटाच जातो. गल्लीच्या तोंडाशी बघतो तर विहीणबाई उभ्या, हातात शेवंतीची कुंडी.

"नन्सच्या बागेतली आहे. मागून आणली. डोळे वटारू नका, पैज मलाही कळते."

योलांदाच्या दगडावर धूळ बसली होती. बाईंनी रुमाल ओला केला आणि तो नीट पुसून काढला, अक्षरांच्या खाचांमधूनसुद्धा. मग मला पाण्याला पिटाळलं. परत आलो तर दगडाशी हळूहळू काहीतरी बोलत होत्या.

"काय सांगत होतात?"

"आमचं बायकांचं."

दुपारी संग्रहालय. महिन्याचा पहिला रविवार म्हणजे तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणजे सगळं रोम रांगेत. फुकट ते पौष्टिक हे इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे. बाईंनी पिशवीतून लोकर काढली. आमचा नंबर लागेपर्यंत नातीचा एक पायमोजा विणून झाला होता. आत गेल्यावर एकेक मूर्ती बघून म्हणाल्या, "सगळ्यांची नाकं फुटलेली. इतकी वर्षं झाली, कुणी डागडुजी करत नाही?" उत्तरेकडच्या लोकांना पडून राहिलेलं काही बघवत नाही, ना माणूस ना मूर्ती.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझं खरं कसब दाखवलं.

आमच्या चर्चमधली चांगली चित्रं बाजूच्या देवघरांत काळोखात टांगलेली असतात. खांबाजवळ एक पेटी असते. तिच्यात एक युरो टाकला की दिवे लागतात, जरा वेळानं खटकन विझतात. अडाणी माणूस पैसे टाकतो. जाणता माणूस खांबाअलीकडच्या बाकावर बसतो आणि वाट बघतो. कुणीतरी जर्मन येतोच. तो नाणं टाकतो, आपण बघतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणा हवं तर, पण देवाच्या घरचा उजेड सगळ्यांचा असतो.

बाईंना हे समजावलं. बसलो. बराच वेळ कुणी येईना. मी म्हटलं, संयम ठेवा. तेवढ्यात त्यांच्या बुटाची नाडी सुटली म्हणून त्या वाकत वाकत खांबापलीकडे गेल्या, आणि खटकन सगळा उजेड!

"बघितलंत?" मी ओरडलोच.

बाई धावत आल्या. "अगंबाई, लागले होय दिवे!"

"कुणी टाकले?"

"कुणीतरी जपानी होता. गेला."

म्हणजे पैसे टाकून न बघताच गेला. श्रीमंतांचं हे असं असतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाऊस. तीन चर्च, तिन्हीकडे चटकन उजेड. असं नशीब मी आजवर बघितलेलं नाही. बाईंची नाडी मात्र तिन्हीकडे सुटली. चांभाराला दाखवा म्हटलं, तर म्हणाल्या सवय आहे.

आज दाढी रोजच्यापेक्षा नीट झाली. पाणी कोमट होतं म्हणून असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हरता हरता वाचलो. स्पॅनिश पायऱ्यांवर चढताना दम लागला. ही बाई डोंगरातल्या शेळीसारखी पुढे पळते आणि वरून हाका मारते, "या हो, ट्राम यायची वाट बघताय का?" मी टेकलो. तिथे बसायला बंदी आहे हे मला ठाऊक होतं, गुडघ्यांना नव्हतं. शिट्टी वाजली. पोलीस पोरगी वही काढतच आली. दंड म्हणजे पैसे, पैसे म्हणजे पैज गेली, पैज गेली म्हणजे नात गेली.

पैज जिंकायची तर विहीणबाईंनी वर उभं राहून मजा बघायची. पण त्या धाडधाड खाली आल्या.

"अगं पोरी, दिसत नाही का तुला? चक्कर आलीय त्यांना! हृदयाचा पेशंट आहे! धर तिकडून!"

पोलीस पोरीनं मला एका बगलेत धरलं, बाईंनी दुसऱ्या, आणि दोघींनी मिळून मला खाली कारंज्यापाशी नेऊन पाणी पाजलं. मी डोळे मिटून कण्हत होतो. बरं जमलं.

"तुम्ही मला का वाचवलंत?" पोरगी गेल्यावर मी विचारलं.

"असं जिंकण्यात काय मजा?" म्हणून त्यांनी मला पावाचा तुकडा दिला. आत घरची अंड्याची पोळी होती. बाईंना खेळाचा नियम कळतो, हे कबूल केलं पाहिजे. पण हिशेबी डोकं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

पँथेऑनला, म्हणजे जुन्या देवळाचं चर्च झालेल्या त्या घुमटाला, हल्ली तिकीट लावलंय. मला रोमकर म्हणून माफ, त्यांना नाही. पण प्रार्थनेला येणाऱ्याला कोण तिकीट विचारतो? म्हणून संध्याकाळच्या मिस्साला घेऊन गेलो. मला वाटलं होतं, दोन मिनिटं हात जोडायचे आणि मग वर बघत हिंडायचं. बाईंनी कोट धरून खाली बसवलं.

"देवाच्या नावावर शिरलात, आता पुरी प्रार्थना करा."

बऱ्याच वर्षांनी गुडघे टेकले. उठताना खांब धरावा लागला. त्यांनी छताच्या मधल्या भोकाकडे बघितलं आणि माझ्या कानाशी कुजबुजल्या, "अर्धवट टाकून पळालेत. आमचा बेर्गामोचा गवंडी असता तर पुरं करूनच पगार घेतला असता." मला प्रार्थनेत हसू आलं. पुढची म्हातारी वळून बघायला लागली.

मग दानाची टोपली आली. याचा विचारच मी केला नव्हता. मूठ रिकामी होती, पण ती टोपलीत घातली आणि टाकल्यासारखी उघडली. बाईंनीही तसंच केलं असणार. तरी नाण्यांचा आवाज झाला, चांगला दोनदा. मागच्या रांगेतून कुणीतरी हात लांब केला असेल.

परतताना आणखी एका चर्चमध्ये गेलो, लगेच उजेड. आज प्रार्थनेसाठी म्हणून बाई बक्कलचे बूट घालून आल्या होत्या, तरी नाडी बांधायला खांबामागे गेल्या. वय झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

त्यांची गाडी दुपारची. सकाळपासून मुसळधार. मी म्हटलं, विहीणबाई, मी जिंकल्यात जमा आहे, घरी बसून कॉफी घेऊ. त्या म्हणाल्या, "एक चर्च राहिलंय. मला बघायचंय." त्यांनी सांगितलेल्या गल्लीत गेलो. लहानसं चर्च, आत चिटपाखरू नाही. चर्चची देखभाल करणारा नाझारेनो म्हणून एक म्हातारा दाराशी होता. म्हणाला, "लवकर उरका, जेवणाला बंद करतोय."

काळोख्या देवघरासमोर एकच बाक होता. त्यावर बसलो. पेटी आमच्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर. बाईंची नाडी आज सुटली नाही.

"लग्न झाल्यावर आम्ही रोमला आलो होतो," त्या म्हणाल्या. "मी आणि अत्तिलिओ. शेवटच्या दिवशी इथे आलो. खिशात उरलेलं एकच नाणं त्यानं या पेटीत टाकलं. मी आपली डावीकडून सावकाश बघत होते, मारियाचं लुगडं, बाळ येशूची बोटं. अर्ध्यावर आले आणि दिवे गेले. तो म्हणाला, उजवीकडचं पुढच्या वेळी बघू."

"मग?"

"मग काय? मिर्को झाला, दुकान काढलं, मग अत्तिलिओचं आजारपण. पुढची वेळ आलीच नाही."

आम्ही वाट बघितली. बाहेर पाऊस असा की जर्मनसुद्धा घराबाहेर पडला नसता. नाझारेनो किल्ल्या खुळखुळवायला लागला. बाईंनी पिशवी उचलली.

"राहू दे, व्याहीबुवा. अर्धं बघून झालंय. पुष्कळांना तेवढंही मिळत नाही. चला, तुम्ही जिंकलात."

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उठून दारापर्यंत चालत गेलो असतो तर नात माझ्या स्वयंपाकघरात आली असती. पाकीट पैजेच्या नियमानं घरी होतं, म्हणजे माझ्याकडे पैसा नव्हता हेही खरं. पण हात कोटाच्या आत गेला. ठिपका बोटाला लागतो, जरा उंच आहे तो. योलांदा असती तर काय म्हणाली असती याचा मी विचार केला, आणि मला वाटलं, ती म्हणाली असती, टाक की रे मुडद्या, काय बघत बसलायस.

टाकलं.

खटकन उजेड झाला. मारिया आणि बाळ खजुराखाली गाढ झोपलेली. गाढवही झोपलेलं. बाई डावीकडे बघायलाच गेल्या नाहीत, सरळ उजव्या कोपऱ्याशी. तिथे मारियाचा नवरा, म्हातारा योसेफ, टक्कल पडलेला, शेकोटीपुढे उकिडवा बसलेला. दोन्ही हातांत बाळाचं ओलं दुपटं धरून वाळवतोय आणि मोठ्ठी जांभई देतोय.

बाई इतक्या जोरात हसल्या की नाझारेनो धावत आला. "बघा, बघा तर! जग झोपलंय आणि हे म्हातारबुवा लंगोट वाळवतायत! इतकी वर्षं मला वाटत होतं तिथे देवदूत असतील!" हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी चित्राकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होतो. ही डायरी कुणी वाचणार नाही म्हणून लिहून ठेवतो.

दिवे विझले.

"हरलात," त्या हळूच म्हणाल्या.

"हरलो."

"का टाकलंत?"

"हात घसरला."

बाहेर आलो, कोपऱ्यापर्यंत पोचलो, तर बाई म्हणतात छत्री आत राहिली. मला भिजत उभं करून धावत परत गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या. छत्री माझ्याच हातात होती, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. विसरभोळ्या होत चालल्यात, मिर्कोला सांगायला हवं.

स्टेशनवर गाडीत चढण्याआधी त्यांनी माझी कॉलर सरळ केली, कोट झटकला, छातीवर दोनदा थोपटलं. "धूळ बसली होती," म्हणाल्या. पावसात कुठली धूळ? गाडी गेली. मी फलाटावर उगाच थांबून राहिलो.

घरी आलो तर घर फार शांत होतं. मक्याचं पीठ थोडं उरलंय. ते नाणं आता त्या पेटीच्या तळाशी आहे आणि कुणीतरी ते बँकेत भरेल. योलांदाची फार आठवण आली आणि मी रडलो. मग बेर्गामोच्या तिकिटाची चौकशी केली. दर ऐकला. भूक मेली नाही. आश्चर्य वाटलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरातलं सगळं संपलं म्हणून सुपरमार्केट गाठलं. ट्रॉलीपाशी सवयीनं हात आतल्या खिशात गेला. मग आठवलं की नाणं नाही. मग बोटाला काहीतरी लागलं, जरा उंच.

लाल ठिपका. तोच.

मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मागची बाई म्हणाली, "आजोबा, ट्रॉली घेताय की लग्न करताय तिच्याशी?" तिथूनच बेर्गामोला फोन लावला.

"सापडलं एकदाचं!" पिएरिनाबाई म्हणाल्या. "इतके दिवस काय उपाशी होतात?"

"तुम्ही चर्चची पेटी फोडलीत?"

"काय बोलता! नाझारेनोनं उघडली. त्याला दुसरं नाणं दिलं, त्यानं हे काढून दिलं. वर म्हणाला, असली गिऱ्हाइकं रोज यावीत."

"कसंही असो, मी हरलो. नाताळ तुमच्याकडे. मी तिकीट विचारून ठेवलंय."

"तुम्ही? तिकीट?" मग घसा खाकरून म्हणाल्या, "हे बघा व्याहीबुवा. ट्रॉली परत लावली की नाणं परत येतं ना? तसंच आहे हे. उजेड वापरून झाला, नाणं परत आलं. खर्च कुठे झाला? तुम्ही जिंकलात."

"आणि तुम्ही दिलेलं दुसरं नाणं?"

"पैज काय होती? बघण्यासाठी खर्च करायचा नाही. माझं बघून झालं होतं."

मी पुष्कळ डोकं खाजवलं. यात कुठेतरी खोट आहे, पण ती मला सापडेना.

"बरं," मी म्हटलं. "म्हणजे अख्ख्या आठवड्यात तुमचं एकच नाणं गेलं म्हणायचं."

त्या हसायला लागल्या. थांबेचनात. "हो हो," त्या कशाबशा म्हणाल्या, "एकच!" यात एवढं हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तेवीसला आम्ही सगळे येतोय. बाळाला गरम ठेवायला शेकोटी-बिकोटी आहे का तुमच्याकडे?"

"मी आहे," मी म्हटलं. "दुपटी मी वाळवीन."

फोन ठेवला, नाणं अडकवलं, ट्रॉली सोडवली. ताटं घेतली, चार; माझं घरी आहेच. नातीला अजून दात नाहीत, तरी तिचंही घेतलं. सवलतीत नव्हती, पुऱ्या किमतीला घेतली. ट्रॉली जागेवर लावली आणि नाणं परत खिशात टाकलं.

येताना चांभाराकडे थांबलो. विहीणबाईंना नाताळची भेट म्हणून बुटांच्या नाड्या घेतल्या, दोन जोड्या. त्याच्याकडच्या सगळ्यात मजबूत मागितल्या. एवढी चालणारी बाई, कुठल्यातरी काळोख्या चर्चमध्ये पाय अडकून पडायला नको.